शिवी आणि स्त्री : एका इतिवृत्ताच्या निमित्ताने

१

जयंतीच्या हिशेबाची बैठक होती. वसईत आमच्या मंडळाची एक लहानशी खोली आहे. भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र आहे आणि त्याखाली, १९४२ साली नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी मांडलेला विचार रंगवून घेतलेला आहे. समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असा त्याचा आशय. त्या दिवशी अध्यक्षस्थानी मी होतो. वर्गणीचे एक पावतीपुस्तक परत आलेले नव्हते. नालासोपारा पूर्वेला अंगणवाडीत काम करणाऱ्या आमच्या एक कार्यकर्त्या आहेत. ते पुस्तक कोणाकडे आहे, असे त्यांनी विचारले. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळून म्हणाले, "आता रांडांनी आम्हांला हिशेब विचारायचे का?"

बाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मी अध्यक्ष म्हणून जे बोललो ते येथे नोंदवणे भाग आहे. मी म्हणालो, "ताई, ते रागात बोलून गेले. मनावर घेऊ नका. आपण पुढचा विषय घेऊ." त्यावर त्या उठून गेल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, उद्या कोणी तुमची जात काढली तर मीही असेच म्हणू का? रागात बोलले, मनावर घेऊ नका?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही पुढचा विषय घेतला. इतिवृत्तात वाक्य पडले : 'हिशेबावर चर्चा झाली.' पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या आणखी तिघीही आल्या नाहीत.

नंतरच्या दिवसांत या प्रसंगावर आमच्यात बरेच बोलणे झाले. शब्द वाईट होता, हे सर्वांना मान्य होते. मतभेद पुढे होता. काही मित्रांचे म्हणणे असे की, हा एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीचा केलेला अपमान आहे, त्याला स्त्री-पुरुष विषमतेचे मोठे नाव कशाला द्यायचे? पुरुषाने विचारले असते तर त्यालाही शिवी मिळालीच असती. दुसरे म्हणत की, ही आपली वस्तीतली बोली आहे, पांढरपेशांच्या सोवळ्या भाषेचे माप आपल्याला कशाला? तिसरा मुद्दा, बायका काय कमी शिव्या देतात? हे तिन्ही मुद्दे बोलणारे माझे जवळचे आणि प्रामाणिक मित्र आहेत. म्हणूनच त्यांचा विचार सविस्तर करावा असे मला वाटते.

२

प्रथम एक गोष्ट मान्य करू. वादात स्त्रीला कठोर बोलणे म्हणजे आपोआप लिंगभेद होत नाही. आमच्या त्या कार्यकर्त्यांना कोणी म्हणाले असते, "तुमची बेरीज चुकली आहे", किंवा अगदी "पुस्तक तुमच्याकडेच आहे आणि तुम्ही खोटे बोलत आहात", तर ते बोलणे कडू असते, कदाचित अन्यायाचेही असते. पण ते हिशेबाविषयी असते. त्याला पुरावा दाखवून उत्तर देता आले असते. किंबहुना बाई आहे म्हणून तिच्याशी वादच घालायचा नाही, तिच्या चुकीकडे हसून दुर्लक्ष करायचे, हीसुद्धा तिला बरोबरीची न मानण्याचीच एक सभ्य रीत आहे. ज्याच्याशी आपण बरोबरीने वाद घालतो त्यालाच आपण बरोबरीचा मानतो.

दुसरा प्रकार निव्वळ अपमानाचा. "मूर्ख", "लबाड", "कामचुकार". हे शब्द व्यक्तीला लागतात. ते वाईट आहेत, पण ते पुरुषालाही तसेच लागतात आणि माणसाच्या वागण्याबद्दल काहीतरी म्हणतात, खरे किंवा खोटे.

तिसरा प्रकार वेगळा आहे. 'रांड' या शब्दाला कोणती पावती दाखवून उत्तर देणार? तो शब्द हिशेबाबद्दल काहीच म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, तू बाई आहेस, तुझ्यामागे पुरुष नाही, म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क तुला नाही. शिवी मुद्द्याला न भिडता मुद्दा मांडणाऱ्या व्यक्तीला वादाच्या बाहेर काढते, आणि बाहेर काढण्याचे कारण तिचे स्त्रीपण असते. माझ्या मते कसोटी ही आहे. शब्द किती अश्लील आहे, आवाज किती चढला होता, बोलणाऱ्याच्या पोटात काय होते, हे प्रश्न दुय्यम आहेत. शब्द कशाची शिक्षा देतो हे पाहावे. तो चुकीची शिक्षा देत असेल तर ती टीका होय. बाई असल्याची शिक्षा देत असेल तर तो लिंगभेद होय, मग तो कितीही हळू आवाजात उच्चारलेला असो.

या कसोटीवर "पुरुषालाही शिवी मिळाली असती" हा पहिला मुद्दा तपासून पाहू. मिळाली असती, हे खरे. पण कोणती? "रांडेच्या" अशी. शिवी पुरुषाला, शब्द मात्र त्याच्या आईला. विरार लोकलने रोज जाणाऱ्याला हे सांगायला नको. दारात उभे राहण्यावरून दोन पुरुषांची जुंपते. भाईंदरची खाडी येईपर्यंत एकाची आई आणि दुसऱ्याची बहीण यांचा उद्धार होऊन गेलेला असतो. त्या दोघी बिचाऱ्या त्या गाडीतही नसतात. जागेचे भांडण दोन पुरुषांचे, परंतु मैदान म्हणून वापर होतो बाईच्या शरीराचा. पुरुषाला हरवायचे म्हणजे त्याच्या ताब्यातली स्त्री भ्रष्ट करायची, किंवा त्यालाच स्त्री ठरवायचे : "बायल्या", "बांगड्या भर". या शेवटच्या शब्दांत तर अश्लील असे काहीच नाही. शाळेच्या वर्गात, सभेच्या व्यासपीठावर, विधिमंडळाच्या दारात ते राजरोस बोलले जातात, कारण बाई असणे हीच नामुष्की आहे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. तेव्हा पुरुषालाही अशीच शिवी मिळते हा युक्तिवाद आरोप खोडून काढत नाही, तो आरोप सिद्ध करतो.

शब्दांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. 'रांड' हा शब्द मुळात विधवेचा. संस्कृत 'रंडा'पासून आलेला. रंडकी, रांडमुंड, रांडाव या शब्दांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. नवरा मेलेली बाई म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली बाई, आणि जी कोणाच्याच मालकीची नाही ती सगळ्यांची, अशा तर्काने तोच शब्द वेश्येला लागला. 'बटीक' ही पेशवाईत विकत घेतली जाणारी गुलाम स्त्री. गुलामगिरी गेली, शिवी राहिली. 'मुरळी' ही खंडोबाला वाहिलेली पोर, आणि ती बहुधा आपल्याच घरांतली असे. 'कोल्हाटीण' म्हटले की जात आणि बाईपण ही दोन्ही हत्यारे एकाच शब्दात चालतात. पुरुषांनी आणि धर्माने बाईची जी जी अवस्था केली, त्या त्या अवस्थेचे नाव पुढे तिच्याच तोंडावर मारायची शिवी झाले. अवस्था लादणाऱ्यासाठी मात्र भाषेत तितका जहरी शब्द सापडत नाही.

३

आता त्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. तो या सगळ्या चर्चेचा गाभा आहे.

जातीवरून दिलेल्या शिवीबाबत आपण, म्हणजे आपल्या चळवळीने, काय भूमिका घेतली? "रागात बोललो", "गावात असेच बोलतात", "माझ्या मनात जात नव्हती", "तुमच्यातले लोकही एकमेकांना असेच बोलतात", ही उत्तरे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आणि एकही मान्य केले नाही. आपण म्हणालो की, जातीच्या नावाने दिलेली शिवी ही एका माणसाच्या तोंडची असली तरी तिच्यामागे गावकूस उभे असते. ती एकट्याला दिली तरी संपूर्ण वस्तीला ऐकू जाते. ती आठवण करून देते : तुझी जागा कोणती, आणि ती सोडलीस तर काय होईल. म्हणून आपण हा व्यक्तिगत अपमान मानला नाही, सामाजिक गुन्हा मानला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हे तत्त्व आले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याच्या कलम ३ (१) (आर) मध्ये लोकांसमक्ष हेतुपुरस्सर केलेला अवमान आणि (एस) मध्ये लोकांसमक्ष जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ असे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत. आणि (डब्ल्यू) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द, कृती किंवा हावभाव हाही गुन्हा धरला आहे. म्हणजे जात आणि बाईपण जेथे एकत्र येतात तेथे शब्दसुद्धा अत्याचार असू शकतो, हे कायद्याने ओळखले आहे.

पण आमच्या खोलीतल्या शिवीला हा कायदा लागू होत नाही. तो लागू होण्यासाठी शिवी देणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो, आणि येथे शिवी देणारा आपलाच होता. सर्वसाधारण कायद्यात, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ५०९ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७९, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा शब्द हा गुन्हा आहे. येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जातीच्या शिवीबाबत कायदा विचारतो : या माणसाला हीन लेखले का? स्त्रीच्या बाबतीत तो विचारतो : तिच्या विनयाला धक्का लागला का? पहिला प्रश्न प्रतिष्ठेचा आहे, दुसरा अब्रूचा. आणि अब्रू ही तर घराण्याची, म्हणजे पुन्हा पुरुषाचीच ठेव समजली जाते. आमच्या ताईंच्या विनयाचा प्रश्न त्या दिवशी नव्हताच. त्यांचा हिशेब विचारण्याचा अधिकार काढून घेतला गेला होता.

कोणाला पोलीस ठाण्यात न्यावे, असे मला सुचवायचे नाही. मुद्दा मापाचा आहे. जे माप आपण सवर्णांच्या तोंडाला लावतो तेच स्वतःच्या तोंडाला लावायचे की नाही? जातीची शिवी विषमतेचे हत्यार आणि बाईची शिवी निव्वळ तोंडाची सवय, असे दुहेरी माप ठेवून समतेची चळवळ चालवता येत नाही.

४

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवरच चिखलफेक सुरू झाली. त्या चिखलफेकीला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. एका बाईने केलेल्या कृत्यासाठी सगळ्या बायकांना दूषणे का, आणि ज्या पुरुषामुळे ती त्या अवस्थेला आली तो कोठे आहे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पुस्तकाची टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांत सत्यशोधक वर्तुळातले लोकही होते. तेव्हा जोतीराव फुल्यांनी "मनावर घेऊ नका" असे ताराबाईंना सांगितले नाही. १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ते ताराबाईंच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले आणि आपल्याच माणसांना त्यांनी सुनावले. अध्यक्षाने काय करायचे असते, याचा हा वस्तुपाठ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला होता. मी तो विद्यार्थ्यांना शिकवतोही. बैठकीत मात्र तो मला आठवला नाही.

दुसरा प्रसंग १९७२ चा. 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रीची विटंबना झाली होती. राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित बाईच्या अब्रूला हात घालणाऱ्याला पन्नास, हे कसले माप, असा ढाले यांचा प्रश्न होता. महाराष्ट्रात गदारोळ उठला तो त्यांच्या झेंड्याविषयीच्या वाक्यावरून. ब्राह्मणगावची बाई चर्चेतून कधी नाहीशी झाली, कोणाला कळलेही नाही. कोणत्या अपमानाने समाज पेटतो आणि कोणता तो गिळून टाकतो, यावरून त्या समाजाची मूल्ये कळतात, ही जाणीव आपल्याला त्या लेखाने दिली. ती जाणीव आपल्या घराच्या उंबरठ्यावर थांबू नये, एवढीच अपेक्षा आहे.

येथे 'आपली बोली' हा दुसरा मुद्दा येतो. दलित साहित्याने शिवीला साहित्यात आणले, हे खरे. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या शब्दांनी मध्यमवर्गीय वाचक हादरला. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण त्या शब्दांचे तेथे काय काम होते, हे पाहिले पाहिजे. वेश्यावस्तीतल्या माणसांवर समाजाने फेकलेली घाण ते शब्द समाजाच्या दारात परत नेऊन टाकत होते. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'अक्करमाशी' हे नाव दिले. बारा मासे म्हणजे तोळा. अकरा माशांचा तो अपुरा, हिणकस. ही शिवी वरकरणी मुलाला दिलेली, वस्तुतः आईच्या देहावर मारलेला शिक्का. लिंबाळ्यांनी तो शिक्का मुखपृष्ठावर छापून शिक्का मारणाऱ्यांनाच आरोपी केले. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना 'बाप कोण' या शिवीला आईचे नाव आपल्या नावात घालून उत्तर दिले. शिवी उघडी करून दाखवणे वेगळे आणि ती हाणणे वेगळे. पहिल्यात शोषिताचा आवाज मोठा होतो, दुसऱ्यात समोरच्या बाईचा आवाज बंद होतो. विद्रोहाचा शब्द खालून वर जातो. हिशेब विचारणाऱ्या अंगणवाडीताईवर फेकलेला शब्द कोणत्या दिशेने गेला? त्याला विद्रोह म्हणणे हा ढसाळांचाही अपमान आहे.

आणि 'आपली बोली' म्हणताना ती बोली सोसणाऱ्यांनाही विचारायला हवे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. गावाने महारवाड्याचे केलेले हाल त्यांनी जसे लिहिले तसेच महारवाड्याच्या आत सुनेचे आणि बायकोचे झालेले हालही लिहिले. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला घरातच काय येते, ते आहे. या लेखिकांनी चळवळीची बदनामी केली, असे म्हणणारे तेव्हाही होते. वास्तविक त्यांनी चळवळीचा हिशेब विचारला होता.

५

मी वसईत राहतो, म्हणून एक जवळची गोष्ट सांगतो. सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला. १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या नवव्या लेखाचे जे पूर्ण पाठ इतरत्र आहेत त्यांत अशोक निरर्थक विधींवर टीका करतो. आजारपण, लग्न, प्रवास अशा वेळी लोक नाना मंगलविधी करतात, आणि त्यांतही बायका फार क्षुद्र आणि निष्फळ विधी करतात, असे तो म्हणतो. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल, असा त्याचा निष्कर्ष. टीका योग्य आहे, निष्कर्ष थोर आहे. तरीही विधी सांगणारा पुरोहित सुटला आणि बोट करणाऱ्या बाईकडे गेले. इतक्या करुणावान राजाच्या लेखातही हे घडते, यावरून ही सवय किती खोल आहे ते कळावे.

याच सोपाऱ्याचा पूर्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात त्याची कथा आहे. शूर्पारकाच्या एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला हा मुलगा. सावत्र भावांनी घराची वाटणी केली तेव्हा 'दासीपुत्र' म्हणून त्यालाच एका वाट्यात धरले. आईच्या नावाने अपमान करण्याची रीत आपल्या या किनाऱ्यावर किती जुनी आहे! पुढे पूर्ण भिक्खू झाला. पाली 'पुण्णोवाद सुत्ता'त बुद्ध त्याला विचारतात की, सुनापरांताचे लोक उग्र आहेत, त्यांनी तुला शिवीगाळ केली तर काय करशील? तो म्हणतो, हातांनी मारत नाहीत, एवढे ते भले, असे मी समजेन. मारले तर? तरीही तो असेच उत्तर देतो, अगदी जिवावर बेतेपर्यंत.

ही कथा मला लहानपणापासून ठाऊक होती. त्या दिवशी मी ताईंना जे सांगितले त्याला आधार म्हणून कोणी हीच कथा पुढे करू शकेल. पण कथा नीट वाचली पाहिजे. क्षमा करीन, असे कोण म्हणतो? ज्याला शिवी बसणार आहे तो पूर्ण म्हणतो. शिवी देणाऱ्याच्या शेजारी बसलेला मध्यस्थ म्हणत नाही. सोसणे हा सोसणाऱ्याचा निर्णय असतो. दुसऱ्याने त्याच्या वतीने तो जाहीर करायचा नसतो. बोलणाऱ्याला बुद्धाने वेगळा नियम दिला आहे, तो सम्यक वाचेचा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये सम्यक वाचेचे विवरण करताना रागाची आणि शिवीगाळीची भाषा कोणाविषयीही वापरू नये, हे स्पष्टपणे सांगितले आहे. आम्ही केले ते उलटेच. सम्यक वाचा ज्याने पाळायची त्याला मोकळे सोडले आणि क्षमा जिच्यावर लादायची नव्हती तिच्यावर ती लादली.

आणि सोमा भिक्खुणी. 'संयुत्त निकाया'त तिची गोष्ट आहे. ती ध्यानाला बसली असता मार येऊन म्हणतो की, ऋषींनाही जे दुर्लभ ते स्थान दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला कसे मिळणार? भात शिजला की नाही ते बायका दोन बोटांनी चाचपतात, त्यावरून हा टोमणा, असा एक जुना खुलासा आहे. सोमा उत्तर देते त्याचा भाव असा : चित्त स्थिर झाले, ज्ञान उगवले, तेथे बाईपणाचा संबंध काय? ज्याच्या मनात मी बाई, मी पुरुष असे चालले आहे, त्याच्याशी माराने जाऊन बोलावे. बाईच्या युक्तिवादाला उत्तर न देता तिचे बाईपण काढणे, हे वाक्य बौद्ध परंपरेने कोणाच्या तोंडी घातले आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

६

तिसरा मुद्दा राहिला. बायकाही शिव्या देतात. देतात. नालासोपाऱ्यात पाण्याच्या टँकरवर सकाळी उभे राहिले की ऐकू येतात. "मुडदा बसवला तुझा", "वाटोळं होईल तुझं" हे त्यांचे जुने तळतळाट. त्यांत मरण आहे, विनाश आहे, कोणाच्या देहाचा बाजार नाही. पण एक बाई दुसरीला 'रांड' किंवा 'छिनाल' म्हणते तेव्हा ती पुरुषाने घडवलेलेच हत्यार उचलते, आणि तेही लिंगभेदाचेच बोलणे आहे. त्याचे समर्थन नको. फरक परिणामाचा आहे. टँकरवरच्या शिवीने दुसरीचा हंडा मागे जातो. बैठकीतल्या शिवीने चार बायका चळवळीबाहेर गेल्या.

मग करायचे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव केला : आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. एका गावाला हा विषय ग्रामसभेचा वाटला, ही मोठी गोष्ट आहे. मला त्यात एकच उणेपण दिसते. दंड अश्लील शब्दाला बसतो. "बांगड्या भर" म्हणणारा सुटतो, "बायकांनी यात पडू नये" म्हणणारा तर सभ्यच ठरतो. आणि बाईचा मान आई आणि बहीण म्हणून राखायचा, तर जी कोणाची आई-बहीण म्हणून समोर आलेली नाही, जी हिशेब विचारणारी कार्यकर्ती म्हणून आली आहे, तिचे काय? म्हणून दंडापेक्षा मला बैठकीची शिस्त महत्त्वाची वाटते. शिवी आली की अध्यक्षाने बैठक थांबवावी. शब्द जसाच्या तसा इतिवृत्तात घ्यावा. क्षमा करायची की नाही हे जिला शब्द लागला तिच्यावर सोडावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो प्रश्न शिवीने दाबला गेला तो प्रश्न पुन्हा पटलावर घ्यावा. माफी मिळाली आणि प्रश्न गेला, तर शिवीचे काम झालेच म्हणायचे.

या लेखात मी तो शब्द पुसून फुल्या टाकल्या नाहीत, त्याचे कारणही हेच. फुल्या टाकल्या की वाचकाचे सोवळे राखले जाते आणि बोलणाऱ्याचीही सोय होते.

गेल्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला तेव्हा मी दुरुस्ती मांडली. 'हिशेबावर चर्चा झाली' हे वाक्य खोडून कोणी काय विचारले, त्यावर कोणता शब्द वापरला गेला, आणि अध्यक्षांनी तो थांबवला नाही, असे माझ्या अक्षरात लिहिले. ज्येष्ठ कार्यकर्ते गप्प होते. त्यांनी माफी मागितलेली नाही, पण दुरुस्तीला विरोधही केला नाही. ताई निरोप पाठवल्यावर आल्या होत्या. त्यांनी पान वाचले, खाली सही केली आणि वही परत देताना विचारले, "सर, त्या पावतीपुस्तकाचे काय झाले?"

ते अजून मिळालेले नाही. पुढच्या बैठकीत तो पहिला विषय आहे.